कोपऱ्यातली फुली

बाईंनी आयुष्यातली एकतीस वर्षं बसस्थानकावरच्या एका काचेच्या खोलीत काढली. समोर माइक, बाजूला वेळापत्रक, आणि पाठीमागे कधीच नीट न चालणारा पंखा. गावातल्या प्रत्येकाने त्यांचा आवाज ऐकला होता आणि जवळजवळ कोणीच त्यांचा चेहरा पाहिला नव्हता. त्या भाजीच्या दुकानात "अर्धा किलो बटाटे द्या" म्हणाल्या की रांगेतला एखादा हमखास पिशवी उचलून घड्याळाकडे बघायचा. बाईंना याची मोठी गंमत वाटे. घरी येऊन बहिणीला सांगत, "आज पुन्हा एकाची गाडी लागली गं."

त्यांचा एकच नियम होता. वाक्य सुरू केलं की संपवायचं, मध्ये थांबायचं नाही. अर्ध्या वाक्यावर थांबलं की फलाटावर उभ्या असलेल्या माणसाच्या पोटात गोळा येतो, असं त्या म्हणत. एकदा टेबलावरून भलामोठा उंदीर गेला. बाईंनी "सर्व प्रवाशांनी" असं सुरू केलेलं वाक्य "याची नोंद घ्यावी" पर्यंत नेलं आणि मगच त्या खुर्चीवर चढल्या.

पुढे त्यांच्या जागी यंत्र आलं आणि बाई निवृत्त झाल्या. घरात दुसरं कोणी नव्हतं. बहीण लग्न होऊन लांब गेली होती, स्वतःचं लग्न बाईंनी केलं नव्हतं. दोन महिने त्यांनी भिंतींशी बोलून बघितलं आणि मग अंधांसाठीच्या एका वाचनालयात पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायला लागल्या. ते वाचनालयही एक दिवस बंद पडलं. तेव्हा बहिणीच्या मुलाने, म्हणजे त्यांच्या भाच्याने, सुट्टीत येऊन त्यांना वेबसाइट काढून दिली. प्रकरणं वाचायची, रेकॉर्ड करायची, साइटवर चढवायची. ज्याला ऐकायचं त्याने घरी बसून ऐकावं.

"सगळं फुकटात आहे, मावशी," भाचा म्हणाला. "सॉफ्टवेअर फुकट, आवाज वाजवणारं प्लगइनसुद्धा फुकट. एक पैसा लागणार नाही."

भाचा पोरगा चांगला, पण फुकट या शब्दावर त्याचा फार विश्वास. फुकट देणारा माणूस दारात उभा राहिला तर आपण त्याला दहा प्रश्न विचारतो, आणि तोच कॉम्प्युटरमधून आत आला की त्याला पाट मांडून बसवतो, त्याला कोण काय करणार?

रेकॉर्डिंग चालायचं कपड्यांच्या कपाटात. दारं उघडी ठेवून बाई आत स्टूल घालून बसत, डोक्यावरून रजई घेत आणि मांडीवर पुस्तक धरत. दुपारी दोन ते तीन हा त्यांचा तास. वरच्या मजल्यावरची मुलं तेव्हा शाळेत असत आणि समोरच्या गॅरेजवाल्याचा हातोडा जेवायला जाई. आणखी एक खोड होती. पुढचं प्रकरण त्या आधी कधीच वाचत नसत. "मला माहीत असलं की आवाजाला कळतं," त्या म्हणत. पुस्तकात काय होणार हे त्यांना आणि ऐकणाऱ्यांना एकाच वेळी कळायचं. नऊ वर्षांत अशी साठ पुस्तकं झाली.

ऐकणारे रोज तीस-चाळीस असत. त्यातला एकच माणूस दर प्रकरणाखाली दोन ओळी लिहायचा. तो जन्मापासून अंध होता आणि एका मोठ्या हॉस्पिटलच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी करून निवृत्त झालेला होता. नाव कधी लिहिलं नाही, खाली "ऑपरेटर" एवढीच सही. कॉम्प्युटर त्याला पडद्यावरची अक्षरं बोलून दाखवायचा आणि तो कळफलकावर टाइप करायचा. पहिली ओळ ठरलेली: "लाइन स्पष्ट आहे." दुसऱ्या ओळीत तो बाईंची खोडी काढायचा किंवा गोष्टीवर पैज लावायचा. "आज पान उलटताना तुम्ही सुस्कारा सोडलात. दमलात की नायक आवडेनासा झाला?" बाई रेकॉर्डिंग पुन्हा ऐकायच्या, तर खरंच सुस्कारा असायचा. इतकं बारीक त्यांचं कोणी आजवर ऐकलंच नव्हतं. उत्तर मात्र त्या दोन शब्दांपलीकडे देत नसत. "आभारी आहे." माइकसमोर अखंड बोलणारी ही बाई लिहायला बसली की तिच्या तोंडाला कुलूप लागायचं. माणूस भेटावा, निदान फोन नंबर मागावा, असं शंभरदा मनात आलं. मागितला नाही.

आता त्या फुकट प्लगइनबद्दल सांगायला हवं.

पहिल्या वर्षी ते गरीब गाईसारखं होतं. मग वर एक पिवळी पट्टी यायला लागली: तुमचा प्लेयर आणखी सुंदर करा, प्रो आवृत्ती घ्या. मग लाल वर्तुळात आकडा आला, जसं काही तेवढी पत्रं वाट बघताहेत. मग उलटं चालणारं घड्याळ आलं: सवलत संपायला फक्त चार तास! चार तास संपले की दुसऱ्या दिवशी नवे चार तास. पट्टी काढायला गेलं की रडवेला चेहरा यायचा. त्याच्याखाली मोठं निळं बटण "हो, मला हवं" आणि बारीक करड्या अक्षरात "नको, मला माझी वेबसाइट मागासलेलीच ठेवायची आहे." बाई सभ्य घरातल्या. सुरुवातीला त्या प्रत्येक पट्टी पूर्ण वाचत आणि मोठ्याने उत्तरही देत, "अहो, नकोय आम्हाला, सांगितलं ना काल!" पण हे लोक हात धुऊन मागे लागलेले. शेवटी बाई वाचेनाशा झाल्या. पट्टी दिसली की कोपऱ्यातली फुली दाबायची, चौकट आली की जे बटण हाताला लागेल ते दाबायचं आणि कामाला लागायचं. एकतीस वर्षं गाडीच्या नंबरातला एक आकडा चुकू न देणारी बाई डोळ्यांसमोरचं वाचेनाशी झाली, हे त्या लोकांनी साधलं.

त्या दुपारी दीपगृहातल्या दोन भावांची एक जाडजूड कादंबरी चालू होती. बावीस प्रकरणं होती, त्यातलं चौदावं वाचायचं होतं. धाकटा भाऊ भांडून होडी घेऊन निघून गेलेला. ऑपरेटरने आदल्या दिवशी लिहिलं होतं, "लाइन स्पष्ट आहे. धाकटा परत येणार. माझी पैज. नाही आला तर तुमच्या पुढच्या पुस्तकावर एक अवाक्षर बोलणार नाही." बाईंनी तेरावं प्रकरण दुरुस्त करून पुन्हा चढवण्यासाठी साइट उघडली, तर अख्ख्या पडद्यावर चौकट. प्लगइन अपडेट झालं होतं. नवीन अटी, चार परिच्छेद बारीक अक्षरं, शेवटी आधीच बरोबरची खूण केलेला एक चौकोन आणि निळं "ठीक आहे." दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. हातोडा तीनला परत येणार. बाईंनी "ठीक आहे" दाबलं.

त्या चौकोनासमोर लिहिलेलं होतं: साइटवर येणाऱ्या पाहुण्यांनाही आमच्या सुविधांची माहिती दाखवावी.

चौदाव्या प्रकरणाखाली ऑपरेटरचं काही आलं नाही. आजारी असेल, बाई म्हणाल्या. पंधराव्याखालीही नाही. ऐकणाऱ्यांचा आकडा चाळीसवरून अकरावर आला आणि मग पाचवर. बाईंनी साइट पुन्हा पुन्हा उघडून बघितली. त्या मालकीण म्हणून आत गेलेल्या असायच्या, त्यामुळे त्यांना सगळं जिथल्या तिथे दिसायचं. आवाजही वाजत होता.

मग त्यांनी तो आवाज नीट ऐकला. मागच्या हिवाळ्यात घसा धरला होता, तेव्हापासून वरच्या पट्टीत एक खरखर राहिली होती. डॉक्टर म्हणाले होते, वयाचं आहे. बाईंनी सोळावं प्रकरण तीनदा वाचलं. सतरावं वाचताना त्यांना स्वतःच्याच आवाजाची किळस आली. आकडा पाचच्या वर जाईना. "एवढे दिवस लोकांनी सहन केलं हेच खूप," त्या भाच्याला फोनवर म्हणाल्या. भाचा म्हणाला, "मावशी, काहीतरीच काय! लोकांना आजकाल वेळ नसतो." तोही साइट उघडून बघतो म्हणाला आणि विसरला. बाईंनी सतराव्या प्रकरणापाशी खूण घालून पुस्तक मिटलं, कपाटातलं स्टूल बाहेर काढलं आणि त्या जागी पुन्हा साड्या लावल्या.

चार महिने त्या कोणाशी फारसं बोलल्या नाहीत. दुकानात बोट दाखवून बटाटे घेत.

एका सकाळी दार वाजलं. सत्तरीची एक बाई उभी होती, हातात कापडी पिशवी, जिने चढून धाप लागलेली.

"बसस्थानकावर अनाउन्समेंट करायच्या त्या तुम्हीच ना?" तिने विचारलं. "तिथल्या जुन्या क्लार्कने पत्ता दिला. मी ऑपरेटरची बहीण. त्याने तुमचा बसस्थानकावरचा आवाज ओळखला होता."

बाईंचा जीव क्षणभर भांड्यात पडला. "या, या ना! कसे आहेत ते? किती दिवसांत काही..."

"गेला तो," बहीण म्हणाली. "तीन आठवडे झाले. झोपेतच गेला. मी लांब असते, त्याची खोली रिकामी करायला आलेय."

बाईंनी तिला बसवलं, पाणी दिलं, मग चहा केला.  बहिणीने पिशवीतून वहीचं एक पान काढून टेबलावर ठेवलं. त्यावर थरथरत्या अक्षरात एक लांबलचक क्रमांक होता, अक्षरं आणि आकडे मिसळलेले.

"हे तुमचं. तुमचा पत्ता कधी लागलाच तर द्यायला सांगितलं होतं त्याने. फोनवर एकेक अक्षर सांगितलं आणि मी लिहून घेतलं. चूक नसेल, दोनदा म्हणून घेतलं माझ्याकडून."

"पण हे आहे काय?"

"तुम्ही वर्गणी लावलीत ना ऐकायला, त्याची किल्ली का काय ती." बहीण अगदी सहज बोलत होती, बोल लावण्यासारखं त्यात काही नव्हतं. "कॉम्प्युटर त्याला सारखं सांगायचा, फुकट आवृत्ती मर्यादित आहे, अपग्रेड करा. मी म्हटलं, एवढे पैसे कशाला भरतोस? तर माझ्यावरच उखडला. नऊ वर्षं बाईंनी फुकट वाचलं, आता मागितले तर कुठे बिघडलं, म्हणाला. भरले त्याने. ही किल्ली आली. पण आवाज काही लागेना. त्या कंपनीला लिहिलं, तर त्यांचं उत्तर आलं की साइटच्या मालकाला द्या, ते लावतील. आता मालकाला कसं द्यायचं? तुम्हाला लिहायची जागाही त्या चौकटीमागेच."

"मी नाही हो मागितले पैसे," बाई म्हणाल्या. "मी कशाला मागेन?"

"मग ती चौकट कोणाची?" बहीण म्हणाली.

बाईंनी तिचाच फोन मागितला आणि त्यावर आपली साइट उघडली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ती पाहुण्यासारखी पाहिली. अख्ख्या पडद्यावर चौकट. हसरी माणसं, उलटं घड्याळ, "आजच अपग्रेड करा." आणि वर उजव्या कोपऱ्यात, बारीक, करडी फुली. बाईंनी ती दाबली, चौकट गेली आणि मागे त्यांची साइट होती, सतरा प्रकरणांसह.

"एवढंच?" बहीण म्हणाली.

"डोळे असतील तर एवढंच," बाई म्हणाल्या.

त्यांनी भाच्याला फोन लावला. कॉम्प्युटरमध्ये तो बोलणारा आवाज कसा चालू करायचा आणि मालकीणपण सोडून साइटवर कसं जायचं, ते विचारून घेतलं. मग खुर्चीत बसून घट्ट डोळे मिटले आणि ऑपरेटर दाबायचा ती कळ दाबत गेल्या. यंत्र बोलत राहिलं. "अपग्रेड करा, दुवा. किमती पाहा, दुवा. चित्र. फुकट आवृत्ती मर्यादित आहे. अपग्रेड करा, दुवा." पुन्हा तेच, पुन्हा तिथूनच. फुलीला त्या लोकांनी नावच दिलं नव्हतं. यंत्राच्या लेखी ती नुसतं "चित्र" होती, आणि त्या चित्रावर कळ थांबत नव्हती. बाईंनी वीस मिनिटं प्रयत्न केला. नऊ वर्षं अंधांसाठी वाचलं आणि डोळे मिटून आपलंच दार एकदाही उघडून बघितलं नाही. त्यांनी डोळे उघडले तेव्हा गाल ओले होते. ते त्यांनी पुसलेही नाहीत.

"मला वाटलं माझा आवाज गेला," त्या म्हणाल्या. "मला वाटलं कंटाळले ते."

"तो?" बहीण म्हणाली. "तो रोज दुपारी साइट उघडून बसायचा हो. आज कदाचित लागेल म्हणून."

हे तिने सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. पण तिला तरी काय माहीत.

भाच्याने फोनवरून सांगितलं तसं बाईंनी ते प्लगइन काढून टाकलं आणि आधी या कादंबरीच्या प्रत्येक प्रकरणाची साधी ओळ टाकली: प्रकरण एक, प्रकरण दोन. पाऊण तास लागला. साइट बोडकी दिसायला लागली, पण डोळे मिटून कळ दोनदा दाबली की आवाज सुरू. हे नऊ वर्षांत कधीही करता आलं असतं. किल्लीची गरजच नव्हती. बाईंनी ते वहीचं पान सतराव्या प्रकरणाच्या खुणेच्या जागी ठेवलं.

बहिणीला खोली रिकामी करायला आणखी पाच दिवस होते. जाता जाता ती दारात थांबली. "त्या होडीवाल्याचं पुढे काय झालं? मला सारखं विचारायचा, तुला काय वाटतं म्हणून. मी काय सांगणार?"

"मलाही माहीत नाही," बाई म्हणाल्या. "मी पुढचं वाचत नाही कधी. उद्या दोनला याल?"

दुसऱ्या दिवशी साड्या पुन्हा बाहेर आल्या आणि स्टूल आत गेलं. बहीण पलंगाच्या कडेला बसली. बाईंनी रजई घेतली, माइक चालू केला आणि म्हणाल्या, "ऑपरेटरसाहेब, उशीर झाला. प्रकरण अठरा." ते वाक्य त्यांनी नंतर काढून टाकलं नाही.

पाच दुपारी, पाच प्रकरणं. खरखर होतीच, पण तिच्याकडे लक्ष द्यायला बाईंना वेळ नव्हता. बाविसाव्या प्रकरणाच्या शेवटून दुसऱ्या पानावर थोरल्याला लांबवर एक होडी दिसली. बाईंचा आवाज वर चढला, अगदी तिथेच तो फाटला, आणि त्या तशाच वाचत राहिल्या. धाकटा परत आला.

"म्हणजे जिंकला," बहीण म्हणाली.

बाईंनी माइक बंद केला.  बाहेर गॅरेजवाल्याचा हातोडा सुरू झाला. तेवढ्यात बहिणीच्या पिशवीत काहीतरी वाजलं. ऑपरेटरचा फोन होता. तो बंद करायला तिचा हात धजत नव्हता, म्हणून ती तो चार्ज करून बरोबर घेऊन फिरत होती.

"त्याला कोणाचं तरी पत्र आलंय," ती म्हणाली. "बघा हो जरा. माझा चष्मा खोलीवर राहिला. त्याचं कोणी ओळखीचं असेल तर कळवायला हवं ना."

बाईंनी फोन हातात घेतला. वर त्याचं पूर्ण नाव होतं. नऊ वर्षांत बाईंना ते आज पहिल्यांदा कळलं. पाठवणारी ती प्लगइनवाली कंपनी. खाली मोठं निळं बटण.

"वाचा ना मोठ्याने," बहीण म्हणाली.

बाईंनी घसा साफ केला आणि त्यांच्या नेहमीच्या, फलाटावरच्या स्पष्ट आवाजात वाचायला लागल्या. "नमस्कार. बऱ्याच दिवसांत तुम्ही इकडे आला नाहीत. तुमच्याशिवाय आम्हाला..."

तिथे त्या थांबल्या.  पुढे तीनच शब्द होते, ते बाईंना समोर स्पष्ट दिसत होते, पण वाक्य काही त्यांच्याकडून पुरं झालं नाही.